सालीवरचे काळे ठिपके

संशोधन करणाऱ्यांच्या गप्पांत संशोधन कमी आणि फजितीच जास्त निघते. आमच्या सालीची पाकिटं अजून एका कपाटात मावतात, किस्से मात्र चहाच्या प्रत्येक कपाबरोबर वाढत गेलेत. मी धाराशिवच्या एका कॉलेजात पीएचडी करते. विषय, झाडांच्या सालीवरची सूक्ष्म बुरशी. विभागात आम्ही तिघं: माझ्या गाईड, म्हणजे मॅडम, लॅब अटेंडंट शब्बीरचाचा आणि मी.

*

येडशीजवळ एका बांधावर मी कडुनिंबाच्या खोडाला नाक लावून भिंगातून बघत होते. शेळ्या राखणारे एक आजोबा जवळ आले.

"काय हरवलं, बाई?"

"हरवलं नाही. बुरशी शोधतेय."

"त्यासाठी हितवर आलाव? आमच्या घरी शिळ्या भाकरीवर लई हाय."

मी भिंग त्यांच्या हातात दिलं. नुसत्या डोळ्यांना जो काळा ठिपका वाटतो, तो भिंगातून जवाच्या दाण्यासारखा दिसतो, मधोमध चीर असलेला. आजोबा बराच वेळ बघत राहिले.

"रोज ह्याला पाठ टेकून बसतोय म्या," ते म्हणाले. "कुणी सांगितलं न्हाय."

*

परतताना एसटीत शेजारच्या मावशींनी माझ्या पिशवीत डोकावून विचारलं, "कसली साल म्हणायची? कशावर गुण येतो?"

"कशावरच नाही मावशी. नुसती बघायचीय."

त्यांनी थोडा विचार केला. "मग बघून झाली की मला द्या."

*

बुरशीचं नाव ठरतं ते मुख्यतः तिच्या बीजाणूंवरून. त्यांचा आकार, रंग, आत किती पडदे, हे मायक्रोस्कोपखाली बघायचं. एकदा मला असे गोल, चकचकीत बीजाणू दिसले, जे कुठल्याच पुस्तकात नव्हते. दोन दिवस खपून मी मापं घेतली, चित्रं काढली.

मॅडमनी बघितलं आणि स्लाइडवर आयोडीनचा एक थेंब सोडला. सगळं काळंनिळं झालं.

"ज्वारीचं पीठ," मॅडम म्हणाल्या. "डबा खाल्ल्यावर हात धूत जा. चित्र मात्र छान आलंय."

*

तामलवाडीच्या एका शेतकऱ्याच्या अंगणात जुनी चिंच आहे. त्यांना आम्ही मामा म्हणतो. त्या चिंचेच्या सालीवर खरोखरच वेगळं काहीतरी सापडलं. मॅडम तासभर मायक्रोस्कोपवरून उठल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "एवढ्याशा तुकड्यावर नाव ठरायचं नाही. आणखी आणू."

पंधरा दिवसांनी गेलो, तर अख्खं खोड निळसर पांढरं.

"तुमी बुरशी म्हणालाव अन् माझी झोप उडाली," मामा म्हणाले. "आज्यानं लावलेलं झाड हाय. चुना अन् मोरचूद लावलं बगा."

मला रडू यायचं बाकी होतं. चूक माझीच होती. बुरशी आहे एवढंच मी सांगितलं होतं, तिचा झाडाला काही त्रास नाही हे सांगितलंच नव्हतं. मॅडमनी शांतपणे विचारलं, "किती उंचीपर्यंत लावलंत?"

"हात पुरंल तितकं."

मामांनीच शिडी आणली. वरच्या फांदीवर ते काळे ठिपके जसेच्या तसे होते.

पुढे मामांचा फोन यायचा. "नाव निघालं का?"

"अजून नाही मामा. तज्ज्ञांकडे पाठवलंय, वर्ष तरी जाईल."

"आमच्यात लेकराचं नाव बाराव्या दिवशी ठेवतेत," मामा म्हणाले.

*

शब्बीरचाचा यंदा रिटायर झाले. आमच्या वापरलेल्या स्लाइड धुऊन, पुसून ठेवणं हे त्यांचं काम. हातून कधी एक काच फुटली नाही, पण मायक्रोस्कोपला त्यांनी कधी डोळा लावला नव्हता. शेवटच्या दिवशी हार, नारळ सगळं झाल्यावर मॅडमनी त्यांना आपल्या स्टुलावर बसवलं. चाचा आधी नको म्हणाले, मग टोपी काढून वाकले. मी फोकस लावून दिला. तपकिरी बीजाणू, एकेकात नीट आखल्यासारखे पडदे, बाजूला निळ्या रंगात भिजलेले तंतू.

चाचा खूप वेळ उठलेच नाहीत. आम्ही चहा गार होऊ दिला.

मग त्यांनी मान वर केली आणि मॅडमना विचारलं, "इतकी वर्षं मी हेच धुऊन टाकत होतो व्हय?"