डॉक्टरांच्या समोरची खुर्ची

मी भांडणं मिटवते. लग्नकार्यात ओळख करून देताना हे वाक्य मी अशा थाटात म्हणते, की समोरचा माणूस हातातली बासुंदीची वाटी खाली ठेवतो. मग तो आपल्या पार्किंगचं, मेव्हण्याचं किंवा वरच्या मजल्यावरून ठिबकणाऱ्या कुंड्यांचं भांडण मला सांगतो आणि मी हनुवटीला हात लावून ऐकते. वकिली सोडून मध्यस्थीत आले तेव्हा कोथरूडच्या आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी जिन्यातच विचारलं होतं, "म्हणजे आता भांडणं लावायचं बंद का?" मी हो म्हटलं. काका नाराज दिसले.

पुढे मी दुसऱ्यांना हे काम शिकवायला लागले आणि खरी मजा तिथे सुरू झाली. आमच्या मध्यस्थी केंद्रात नवी बॅच आली की पहिला दिवस माझा. त्या दिवशी मी एकटी सासू होते, सून होते, दोघींच्या मधे सापडलेला नवराही होते. पदर खोचते, डोळे पुसते, नवऱ्याच्या वेळी नुसती खाकरते. लोक हसतात, एखादी बाई खरोखर रडते. जेवणाच्या सुट्टीत सगळे माझ्याभोवती डबे घेऊन बसतात. वर्षातून असे थोडेच दिवस मिळतात, आणि उरलेलं वर्ष मी त्यांच्यावर काढते.

अशा माझ्या भरल्या संसारात डॉक्टर आले.

डॉक्टर दातांचे. खडकीतला चालता दवाखाना मुलीच्या हाती सोपवून ते माझ्याच बॅचला शिकायला बसले. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडात बोटं घालून त्यांना बोलू दिलं नाही, तो आता लोकांना बोलतं करणार, असा विनोद मी पहिल्या तासाला केला. वर्ग हसला. मग डॉक्टर हसले. त्यांचे दात इतके सुंदर होते, की माझा विनोद विसरून सगळे त्यांच्याकडेच बघत राहिले. माझं पोट तेव्हापासून दुखतंय.

त्यांची पद्धत म्हणजे पद्धतच नाही. ते गप्प बसतात. मान जराशी कलती करतात, समोरचा थांबला तर हळूच म्हणतात, "थोडंच राहिलंय." झालं. जे माझ्यापुढे महिनोन् महिने तोंड उघडत नाहीत, ते यांच्यापुढे घडाघडा बोलतात. हळूहळू केंद्रात फोन यायला लागले, डॉक्टरच मिळतील का म्हणून. दुसऱ्या ताई आहेत, अनुभवी आहेत, असं आमची ऑफिसातली मुलगी सांगे. पलीकडून उत्तर येई, "नको, आम्ही थांबतो." पुण्यातला माणूस थांबतो म्हणाला, हे ज्याने ऐकलंय त्यालाच माझं दुःख कळेल.

मीही गप्प बसून पाहिलं. बाथरूमच्या आरशासमोर मान कलती करून सराव केला. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने विचारलं, मानेला उसण भरलीय का.

मग आमच्या केंद्राच्या प्रमुख बाईंनी मला बोलावलं. यंदा बॅचचा पहिला दिवस डॉक्टरांना द्यावा असं त्यांच्या मनात होतं. लगेच काही ठरवत नाही, म्हणाल्या, आधी तुम्ही दोघांनी मिळून एक प्रकरण घ्या, ते कसं होतंय ते बघू आणि मग ठरवू. मी छान कल्पना आहे म्हटलं. बाहेर येऊन स्कूटरला तीनदा किक मारली. स्कूटर बटणावर चालू होते.

ते प्रकरण इथे सांगायला संबंधित दोघांची परवानगी आहे. धाकट्याने तर "आमची नावं टाका की" असंही सुचवलं, पण ती मी टाकणार नाही. वारज्यातले दोघं भाऊ. जुन्या शेतावर त्यांनी मंगल कार्यालय उभं केलं होतं. थोरला ऑफिसात बसे, धाकटा सगळीकडे फिरे. एक दिवस थोरल्याने ऑफिसला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावली. धाकट्याने पार्किंगमधल्या आपल्या गाडीत ऑफिस थाटलं. मुलीकडचे लोक मागच्या सीटवर बसून तारखा ठरवायला लागले. तिथून भाऊ कोर्टात गेले आणि कोर्टाने आमच्याकडे पाठवलं.

आता बसण्याविषयी सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच घडलं. मी वर्गात एक गोष्ट घोटून घेते. समोर बसलेल्याशी माणूस भांडतो. शेजारी बसलेल्याबरोबर तो तिसरीकडे बघतो. म्हणून भांडणाऱ्यांना समोरासमोर बसवायचं नाही आणि दोन मध्यस्थ असतील तर त्यांनी कायम एकमेकांच्या शेजारी बसायचं. दुसरा नियम पेनाचा. जोडीदार चुकतोय असं वाटलं तर आपलं पेन टेबलावर आडवं ठेवायचं. मग त्याने थांबायचं.

आमच्या खोलीतलं टेबल लांबट आहे, एक बाजू भिंतीला टेकलेली. डॉक्टर एका टोकाला बसले आणि लांब बाजूची, शेजारची खुर्ची त्यांनी माझ्यासाठी ओढून ठेवली. मला त्यांच्या शेजारी बसायचं नव्हतं. त्यांच्या शेजारी बसलं की लोक आपल्याकडे बघत नाहीत, कपाटाकडे बघावं तसं बघतात. मी सरळ दुसऱ्या टोकाला जाऊन पर्स ठेवली. भाऊ आले. उरलेल्या दोनच खुर्च्या होत्या, लांब बाजूच्या, एकमेकींना चिकटून. बिचारे खांद्याला खांदा लावून बसले.

थोरल्याने सुरुवात केली. "हॉल मी उभा केला. आता माणूस दारात येतो आन् विचारतो, धाकटे शेठ हायेत का? मी समोर बसलेलो असतो, ताई. मला विचारतो, धाकटे शेठ हायेत का."

डॉक्टरांनी मान कलती केली. आता शांतता पाळायची, थोरला पुढे बोलणार, हे मला कळत होतं. पण ते वाक्य थेट माझ्या पोटात शिरलं होतं.

"अगदी बरोबर आहे हो तुमचं," मी म्हणाले.

मध्यस्थाने हे म्हणणं म्हणजे पंचाने स्वतः बॅटिंगला उतरणं. डॉक्टरांनी पेन आडवं ठेवलं. मी ते पाहिलं आणि आणखी रंगात आले. कालचा आलेला माणूस, ज्याला आपणच सगळं शिकवायचं, तो येऊन नुसता बसतो काय आणि लोक त्याच्यासाठी थांबतात काय, असं बरंच बोलले. माझा आवाज चांगला लागला होता.

"मला यांनी काय शिकवलेलं नाय, मॅडम," धाकटा म्हणाला.

"मी कुठं म्हणलो, शिकवलं?" थोरला म्हणाला.

"ताई, पेन," डॉक्टर हळूच म्हणाले.

"दिसलं मला पेन."

"म्हणजे ताई, आपल्याला असं वाटतंय का, की…"

"माझंच वाक्य मला ऐकवू नका, डॉक्टर. ते वर्गात मीच तुम्हाला शिकवलंय."

खालच्या क्लासमधली मुलं पाढे म्हणत होती ते ऐकू आलं. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. आमच्याकडे आल्यापासून त्यांनी तसं पाहिलं नव्हतं. थोरल्याने आपल्यापुढचा पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

"आमचं राहू द्या जरा," तो म्हणाला. "तुमचं आन् डॉक्टरांचं काय हाय?"

"दादा, एकेकाला बोलू दे," धाकटा म्हणाला. "आधी ताई. डॉक्टर, तुम्ही मधी बोलायचं नाय." हे नियम मीच सुरुवातीला दोघांना सांगितले होते. त्याने लक्ष देऊन ऐकले होते, हे बघून त्याही परिस्थितीत मला बरं वाटलं.

मग मी सांगितलं. रंगवून सांगितलं. फोन, आरसा, पहिला दिवस, सगळं. भाऊ हसले, योग्य जागी हसले. मग धाकट्याने डॉक्टरांकडे वळून विचारलं, "तुमचं काय म्हणणं हाय त्या दिवसाबद्दल?"

"मला तो दिवस नकोच आहे," डॉक्टर म्हणाले. "उभं राहून बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो. बाईंना नाही म्हणता येईना, एवढंच."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. ज्याच्यासाठी मी आतून जळून कोळसा झाले होते, ते या माणसाला फुकटसुद्धा नको होतं. हिसकावून घेतलं असतं तर निदान माझ्या वस्तूचा मान राहिला असता.

माझं हे चाललं होतं तेव्हा धाकटा मात्र विचारात पडला होता. त्याने डॉक्टरांकडे पाहिलं, मग भावाकडे. "दादा, मलाबी ती ऑफिसातली खुर्ची नकोय. मला लोकांना हॉल दाखवत हिंडायला आवडतं."

"मग गाडीत का बसतो?"

"तू कुलूप लावलंस म्हणून."

थोरला कनवटीची किल्ली चाचपत राहिला. डॉक्टरांनी मान कलती केली. मी माझी जीभ दातांत धरली. शेवटी थोरला म्हणाला, "आलेला माणूस आधी माझ्याकडं आणायचा. पहिला चहा माझ्यासंगं. मग फिरव कुठं फिरवायचं ते." धाकट्याने मान डोलावली. थोरल्याने किल्ली काढून टेबलावर, डॉक्टरांच्या पेनाशेजारी ठेवली.

एवढ्यात प्रमुख बाईंनी दार उघडलं. त्यांना काय दिसलं? दोघं भाऊ शेजारी शेजारी, किल्ली मधे आणि दोन मध्यस्थ दोन टोकांना. त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

"ही बसायची पद्धत कुणाची?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडणार, तोच डॉक्टर म्हणाले, "ताईंची. आम्ही दोघं समोरासमोर बसलो म्हणून हे दोघं एका बाजूला आले."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. थोरला छताकडे बघत होता, धाकटा चपलेकडे. बाई म्हणाल्या, अहो, हे नव्या लोकांना पहिल्याच दिवशी दाखवायला हवं. पहिला दिवस तुमचाच, पण डॉक्टरांना समोर बसवा. त्याशिवाय कळायचं कसं?

तर पहिला दिवस मला मिळाला, डॉक्टरांनी हातात आणून दिला म्हणून. घरी जाताना मी त्यांच्या उदारपणावरही जळत होते. हे एक नवीनच निघालं.

नव्या बॅचपुढे मी उभी राहिले. समोरच्या खुर्चीत डॉक्टर, इस्त्रीच्या शर्टात. मी थोरला केला, धाकटा केला, पर्स आपटून मला स्वतःलाही केलं. वर्ग लोटपोट होत होता. मग डॉक्टर करून दाखवायची पाळी आली. मी त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसले, मान कलती केली आणि गप्प झाले. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. जमलं, अखेर जमलं, असं वाटून मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं.

सगळे डॉक्टरांकडे बघत होते. ते नुसते बसले होते.