अष्टमीला आलेल्या कुमारिका

कुमारी वत्सलाबाई गद्रे यांचा आणि माझा पहिला परिचय माझ्या चुकीतून झाला, हे आधीच कबूल करून टाकते. सात वर्षांपूर्वी लग्न होऊन मी मुलुंडला आले. पहिल्याच नवरात्रात सासूबाई म्हणाल्या, "अष्टमीला एक कुमारिका जेवायला सांगून ये." बिल्डिंगमध्ये माझी कुणाशी ओळख नव्हती. तळमजल्यावर 'कु. वत्सला गद्रे' अशी पाटी दिसली, दाराला कुलूप होतं. मी आमंत्रणाची चिठ्ठी आत सरकवली. लहान मुलीच्या नावाची पाटी कोण कशाला लावेल, हे डोक्यातच आलं नाही.

अष्टमीला दारात उभ्या राहिल्या त्या पन्नाशी ओलांडलेल्या, टेलिफोन खात्यात सुपरवायझर असलेल्या वत्सलाबाई. "बोलावणं कुमारिकेला आहे ना? मग मीच ती," असं म्हणत बाई पाटावर बसल्या. पाटावर बसलेल्या माणसाला उठवायचं कसं? सासूबाईंनी निमूटपणे बाईंचे पाय धुतले, कुंकू लावलं.

जेवताना बाईंनी आपुलकीने माझी चौकशी केली. मी विम्याच्या कचेरीत कारकून होते आणि त्या नोकरीत माझा जीव होता. "दसरा झाला की सोडतेय ती. राजीनामा लिहून ठेवलाय," सासूबाईंनी परस्पर सांगितलं. मी खाली मान घालून वाढत राहिले.

आमच्या घरची रीत अशी, की जेवणानंतर कुमारिका मागेल ते द्यायचं. आजवरच्या पोरी रिबिनी मागत. सासूबाईंनी नाइलाजाने विचारलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "हिचा राजीनामा मला द्या."

"अहो, भलतंच काय मागता?" सासूबाई म्हणाल्या.

"भलतं काय त्यात? लग्न करायचं नाही, हे माझं मी ठरवलं. नोकरी सोडायची की नाही, हे हिचं हिला ठरवू द्या."

देवीसमोर नाही कोण म्हणणार? कचेरीत नेऊन द्यायला मामंजींच्या कोटात ठेवलेला तो कागद बाई घेऊन गेल्या. मी आजही त्याच कचेरीत आहे. नंतर बढतीच्या परीक्षेला बसायचं धाडसही मला बाईंनीच दिलं, रोज संध्याकाळी शिकवणी घेऊन.

परवा माझ्या नणंदेने लग्नच करायचं नाही, असं जाहीर केलं. घरावर सुतकी कळा पसरली. मी सासूबाईंच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या म्हणाल्या, "नको तर नको. पण मग आधी स्वतःच्या पायावर उभी राहा. खालच्या बाईंना विचारून ये, टेलिफोनमध्ये भरती कधी आहे ते."

साठी पूर्ण करणाऱ्या वत्सलाबाईंना उत्तम आरोग्य आणि उदंड आयुष्य लाभो. आमच्या घराला त्यांची अजून पुष्कळ गरज आहे.