मालकाच्या खोलीतला पंखा

थंडी अशी पडली होती की बूट चिकटवायचं सोल्यूशन डब्यातच थिजलं होतं. मामीनं डबे गरम पाण्याच्या टोपात उभे केले, झाकणं सैल केली, तसा तो गोडसर वास शेडभर पसरला. बुटांचे तळ चिकटवणाऱ्या पोरी नाकाला ओढणी लावून बसल्या. खिडक्या बंदच. वारा लागला की तळ बसायच्या आधीच सोल्यूशन वाळतं आणि बूट आठ दिवसांत आ वासतो, म्हणून चौकटींना खिळे ठोकलेले. ते ठोकले होते मामीच्याच नवऱ्यानं, मोठ्या हौसेनं.

मामी मशीनवर चामडं शिवायची. तशी ती मामी एकाच पोरीची, नणंदेच्या मुलीची. पण ती हाक मारते म्हणून सगळी शेड मारायची. थोराड मुकादमसुद्धा.

नवऱ्यानं चिकटवणीच्या टेबलावर जन्म काढला. आधी हिरड्यांतून रक्त यायला लागलं, मग अंगावर काळेनिळे डाग. तो म्हणे, झोपेत तूच लाथा मारतेस. दोघांनी हसण्यावारी नेलं. इस्पितळात रक्ताचा कर्करोग निघाला. डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा काम काय करता तेच विचारलं. म्हणाल्या, असल्या सोल्यूशनमध्ये बेंझीन असतं, त्याची वाफ थेट हाडांच्या मगजापर्यंत पोचते, आणि रक्त तिथंच तयार होतं. ह्यांना त्यानंच झालं असं छातीठोक सांगता यायचं नाही, पण कोंडलेल्या जागेत वर्षानुवर्षं हुंगलं की धोका वाढतो, एवढं नक्की. त्यानंतर वर्ष काही त्यानं पुरं केलं नाही.

समाचाराला मालक आला. खुर्चीवर टेकला, चहा प्यायला, आणि निघताना चपलेत पाय सरकवत म्हणाला, "काय करणार, त्याच्या रक्तातच खोट होती."

ते वाक्य मामीला काट्यासारखं रुतलं. चार दिवसांत ती कामावर हजर झाली. लोकांना वाटलं, पोटासाठी आली बिचारी. ती आली होती मालकासाठी.

मालकाची काचेची खोली शेडच्याच कोपऱ्यात होती. तिची झाडलोट मामीनं आपण होऊन मागून घेतली. सोल्यूशननं निथळणाऱ्या चिंध्या उघड्या डब्यात कोंबायच्या आणि डबा कपाटामागे सरकवायचा. रोज ताज्या चिंध्या. शेडलाच तो वास, मालकाला वेगळा कुठून कळणार? टोमॅटो घेताना बाई जशी एकेक फिरवून बघते, तसं ती सकाळी त्याचं तोंड बघायची. फिकटलाय का? तो हसला की हिची नजर हिरड्यांवर. मुकादम म्हणाला, मालकावर जीव जडला की काय तुझा? मामी म्हणाली, जडलाय खरा, त्याला पोचवल्याशिवाय सुटायचा नाही.

पुढे मालकाचं डोकं ठणकायला लागलं. जिन्यावर गरगरलं म्हणून तो कठडा धरून उभा राहिला. त्या दिवशी मामीला कितीतरी महिन्यांनी जेवण गोड लागलं.

दुसऱ्याच दिवशी दोन माणसं आली. त्यांनी खोलीच्या भिंतीला भोक पाडलं आणि आतली हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला. बाहेर म्हणजे शेडमध्ये. पंख्याच्या थेट तोंडाशी चिकटवणीचं टेबल, आणि नवऱ्याच्या जागेवर आता भाची बसत होती. दुपारी ती कपाळ दाबत म्हणाली, "मामी, आज डोकं फार जड झालंय गं."

मालकासाठी मांडलेलं ताट पंख्यानं उचलून तिच्याच पोरीपुढे ठेवलं होतं. मामी तडक खोलीत घुसली, डबा ओढून काढला, मागच्या अंगणात नेऊन उपडा केला. परत आली ती हातोडी घेऊन. शेडच्या खिडकीचं पहिलं तावदान फुटलं, मग दुसरं.

मालक धावत आला. सोल्यूशन वाळेल, माल वाया जाईल, डोकं फिरलं का हिचं, असं बरंच काही बोलला.

"तुमचं डोकं दुखलं तर एका दिवसात भिंतीला भोक पडलं," मामी म्हणाली. "म्हणजे ठाऊक होतं तुम्हाला. रक्तातली खोट पंख्यानं जाते होय?"

तो म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस. तिनं तिसरं तावदान फोडलं. मुकादम आता हिचा हात धरणार असं सगळ्यांना वाटलं. त्यानं आधी पोरींना काचांपासून दूर केलं, पकड घेतली आणि चौकटीचे खिळे उपसायला लागला. भाची उठली, तिच्यामागे बाकीच्या उठल्या. मालक बघत राहिला. एकीला काढता आलं असतं. सगळी शेड काढली तर बूट कोण चिकटवणार?

वारा भसकन आत आला. त्या दिवशीच्या निम्म्या जोडांचे तळ सुटले. पोरी चरफडत, एकमेकींना नावं ठेवत, थोडं थोडं सोल्यूशन लावून झटकन तळ दाबायला शिकल्या. पंखा काढून त्याचं तोंड अंगणाकडे फिरवेपर्यंत पंख्यासमोरच्या टेबलाला कुणी हात लावला नाही, काम खिडक्यांपाशी बसून केलं.

त्या दिवशी मालक चिडून ओरडत होता तेव्हाच मामीनं त्याच्या हिरड्या नीट पाहून घेतल्या. गुलाबी, धडधाकट. तिला फार वाईट वाटलं. मग ती मशीनवर बसली. दोरा तुटला होता. तिनं टोक जिभेवर ओलं केलं, एक डोळा मिटला आणि सुईचं भोक शोधायला लागली.