आईचा जर्मनचा पेला

बदनापूरहून पॅसेंजरने मी जालन्याला कॉलेजला जायला लागले, ते साल पंचाहत्तर-शहात्तरचं असावं. आमच्या वस्तीतून कॉलेजात गेलेली मी पहिलीच मुलगी, त्यामुळे डोकं आधीच थोडं वर गेलेलं. त्यात मी मानसशास्त्र घेतलं.

पहिल्याच महिन्यात सरांनी घंटा आणि कुत्र्याचा प्रयोग शिकवला. खायला देताना रोज घंटा वाजवायची. पुढे नुसत्या घंटेनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. माणसालाही समाज अशाच सवयी लावतो, असं सर म्हणाले आणि मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले. गाडीतले प्रवासी, स्टेशनवरचा हमाल, घरची शेळी, सगळ्यांचं निदान माझ्याकडे तयार असे. मग सरांनी सांगितलं, घरातल्या एका माणसाची एक सवय लिहून आणा, चांगलं असेल ते वर्गात वाचू. मी आई निवडली.

आई गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याकडे खुरपायला जायची. दुपारी मालकीण सगळ्या बायांना चहा द्यायची. बाकीच्यांना कपबशा, आम्ही बौद्ध, म्हणून आमच्यासाठी शेतातल्या गोठ्याच्या कोनाड्यात कान तुटलेला एक वेगळा कप. आई मात्र पिशवीतून स्वतःचा जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, पेला काढून पुढे धरायची आणि मालकीण वरून, हात उंच ठेवून चहा ओतायची. ते बघून मला इतकी लाज वाटायची की मॅट्रिकनंतर मी त्या शेतावर जाणंच सोडलं होतं.

मी वहीत लिहिलं: शिवाशिव माझ्या आईत इतकी मुरली आहे की तिला आता वेगळा कप द्यावाही लागत नाही, ती आपला वेगळेपणा घरूनच घेऊन जाते. हे वाक्य लिहून मी स्वतःवरच खूश झाले.

वही परत आली तेव्हा खाली लाल शाईत एक ओळ होती: ‘निरीक्षण छान. कारण आईंना विचारलंत का?’ सर म्हणाले, “सोमवारी तुम्हीच वाचायचं. पण विचारून या.”

विचारायचं मला सुचलंच नव्हतं. कुत्र्याला कुठे कोणी विचारतं? रविवारी आई ज्वारी निवडत बसली होती, तेव्हा विचारलं.

“दीक्षा घेतली त्या साली ठरवलं, त्या कोनाड्यातल्या कपात आता प्यायचं न्हाई,” ती म्हणाली. “बाया म्हनल्या, मंग चहाच सोड. मी का सोडू? बराबरीनं खुरपते. तुझ्या बापानं जालन्याच्या बाजारातून ह्यो पेला आनला. पहिल्या दिवशी पुढं धरला तर दोन्ही हात लावावे लागले. मालकीननं त्यातच चहा वतला. तवापासून त्यो कप तसाच पडून हाये.”

“म्हणजे ही सवय नाही?”

“सवय हाये की. पर ती त्यांनी न्हाई लावली. मी लावली.”

मग तिने विचारलं, मी काय लिहिलंय. अजून लिहायचंय, असं मी खोटंच सांगितलं आणि संध्याकाळच्या आत सगळं नव्याने लिहून ते खरं केलं. सोमवारी सगळ्या वर्गासमोर मी माझ्या आईला त्या कुत्र्याशेजारी उभं करणार होते, हे आठवलं की आजही मला घाम फुटतो. पुढे मी हाच विषय शिकवून पोट भरलं. सिद्धांत खोटा नव्हता, मी तो न विचारता आईच्या माथी मारला होता. त्या एका लाल ओळीसाठी मी सरांचे आभार मानायला हवे होते. तेव्हा धीर झाला नाही, म्हणून आज मानते.

दिवाळीच्या सुट्टीत मी आपणहून आईबरोबर कापूस वेचायला गेले. दुपारी मालकीण किटली घेऊन आली. मी रिकाम्या हातानेच गेले होते, आणि हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आईने पिशवीत हात घातला आणि दोन पेले काढले. त्यातला नवा कोरा तिने माझ्या हातात दिला.

मी तो पुढे धरला. मलाही दोन्ही हात लावावे लागले. आई माझ्याकडे बघतही नव्हती. पदरात पेला धरून ती आपला चहा फुंकत होती.