बंधाऱ्याच्या अलीकडे

लुचियाबाईंचं नाव आधी घेतो. इटलीतल्या एका नदीकाठच्या जुन्या शहरात त्या होड्या भाड्याने देतात. त्या नसत्या तर हे लिहायला मी उरलो नसतो.

मी कोकणातल्या आचऱ्याचा. आठवीत शाळा सुटली, पुढे फौजेत भरती झालो. दुसऱ्या महायुद्धात आमच्या पलटणीने ती नदी ओलांडली होती. तिथे पडलेल्या जवानांना सलामी द्यायला आमची तुकडी गेली. सबंध प्रवासात माझा हात पासपोर्टच्या खिशावर. हरवला तर घरी कसा पोचणार, हीच धास्ती.

सकाळी रिहर्सल आटोपली. घरच्या माडाचा नारळ आणला होता, तो पाण्याला द्यायला मी पायऱ्या उतरलो. नारळ काठालाच घुटमळत राहिला. ढकलायला वाकलो, शेवाळावरून बूट सरकला आणि मी पाण्यात.

आमच्या खाडीत ओढ लागली की झगडायचं नाही. अंग सैल सोडायचं, पाणीच वाळूच्या पट्टीवर नेऊन टाकतं. मी तेच केलं.

मालवणचा लान्स नायक सेबॅस्टियन काठाने धावत होता.

"रे मेल्या, खंय चललंस?"

"वाळूर लागतलंय."

"हंय खंयची वाळू? फुडे बंधारो आसा. हात मार."

तेव्हा मला पाणी कोसळल्याचा आवाज आला. हात मारले, पण बूट आणि कोट खाली ओढत होते. काठावर सुभेदारसाहेबांचा वॉकीटॉकी चालू होता. "एक जवान पाण्यात. दोर आणा. ओव्हर." दोर गाडीत, गाडी पुलापलीकडे.

बंधाऱ्याच्या अलीकडे लुचियाबाईंच्या होड्या बांधलेल्या. शेवटच्या होडीत त्या पालथ्या पडल्या आणि वल्हं लांब केलं. टोक एका हाताला लागलं, निसटायला लागलं. दुसरा हात टाकला. मग सेबॅस्टियनने कॉलर धरली.

"जिवंत आसंस मां?"

"आसंय."

"मगे ह्यो युनिफॉर्म सुकवतलो कोण?"

दुपारी त्याच्या जादा वर्दीत मी सलामीला उभा राहिलो. नावं वाचली गेली. सावंत, परब, राणे, डिसोजा. गोळीबारात ते याच पाण्यात उतरले होते. त्यांना वल्हं द्यायला काठावर कोणी नव्हतं.

तिथल्या स्मारकाच्या दगडापाशी लुचियाबाईंची आई फुलं ठेवायची, आता त्या ठेवतात. दुभाष्याने सांगितलं, "गुडघे दुखतात म्हणतात. पुढे कोण ठेवणार?"

"मी येईन म्हणून सांगा," मी म्हणालो.

आता पेन्शनीत आहे. माझे गुडघे शाबूत आहेत. त्यांचा निरोप आला की जाईन.