दाजींनी सगळ्यांना दाखवलेलं गुलबर्गा

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी माझ्या गावी, निंबर्ग्यात, अंगणात तूर पाखडत होते. सूप खाली ठेवलं, आणि थोड्या वेळानं उचलून उरलेली तूर पाखडली. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं, म्हणतात. मग मी गप्पच बसायला हवं होतं... पण मातीला जमलेला जो तो एकच सांगत होता, "अण्णांनी आमाला अख्खं गुलबर्गा दाखवलं!" ते ऐकून मला गप्प बसवेना.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान; लोकांचे अण्णा. कापडगिरणीत होते. गिरणीला टाळं लागलं आणि रिकाम्या हातांच्या या माणसानं गाव दाखवायचं खूळ घेतलं. पाव्हणा आला की त्याचा चहा संपायच्या आत दाजींच्या पायात चपला. किल्ला, तिथली लांबलचक तोफ, मशिदीच्या कमानी, जुळ्या घुमटांतलं संग्रहालय आणि शेवटी बंद गिरणीचं फाटक. तिथं उभं राहून गिरणीचा भोंगा तोंडानं वाजवून दाखवायचे. पाव्हणे भारावायचे. भारावायला काय जातंय? घरी परतले की ताटं वाढलेली असायची. ती वाढणारी अक्का चुलीपुढून हललेली नसायची.

गाव दाखवायचं ते पाव्हण्याला, हा आमच्याकडचा मान. घरच्या बाईला कोण दाखवतंय, ती गावातच असते ना! एकदा मी गेले होते तेव्हा अक्का पदराला हात पुसत म्हणाली, "आज मी बी येऊ का?" दाजी चपलेत पाय घालत म्हणाले, "तू काय पाव्हणी हैस व्हय? आन् भाकरी कोन करायची?" सगळे हसले. अक्काही हसली. मी म्हणाले, "मी ऱ्हाते घरी, तिला न्या." तर माझ्यावरच डाफरले, "पाव्हणीनं सैपाक करायचा? आमची इज्जत घालवायलीस व्हय?" हा माणूस त्या दिवशी माझ्या मनातून उतरला. आजही मला त्याचा रागच येतो. वर जेवताना तेच संग्रहालय अक्काला ऐकवायचे, तिच्याकडून वाढून घेत...

दिवसकार्य उरकल्यावर मी अक्काला म्हणाले, "ऊठ, लुगडं बदल." तिची जाऊ पुढं आली. "आत्ताच कामून? लोक काय म्हनतील?"

"लोकांचं समदं बघून झालंय," मी म्हणाले. "आता तिला बघू द्या."

रिक्षात अक्का पदर सावरून बसली होती, लग्नाला निघाल्यासारखी. संग्रहालयात तलवारी, नाणी, हात तुटलेल्या मूर्ती. एकेका वस्तूपुढं ती सावकाश थांबली. दुसऱ्या घुमटातून बाहेर आलो तर पुढं आणखी काही आहे का म्हणून इकडंतिकडं बघायला लागली.

"झालं?"

"झालं, अक्का."

"एवढंच व्हय?"

मग ती पायरीवरच बसली. मातीच्या दिवशी डोळ्यांतून टिपूस न काढलेली माझी बहीण तिथं येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर मोठ्यानं रडली. मी पाठीवर हात ठेवला तो तिनं झटकला.

"मला वाटलं, दिसभराचं काम असंल," ती म्हणाली. "भाकऱ्या थापून बी आले असते की गं मी."