आत्यानं दिलेलं ठेंगणं टेबल

आमची आत्या कुणाच्याही घरी गेली, की पाणी पिण्याआधी तिथल्या टेबलाच्या बुडाखालून हात फिरवायची. घरचे लोक ओशाळायचे आणि आम्ही माना खाली घालून बसायचो. आत्याला त्याचं काही नसे. बसल्याजागी ती निकाल देई, "वरून पालिश हाय, खालून नुसते तुकडे जोडलेत. फसलाव की ओ!" आणि त्यांचाच चहा मजेत पिई.

तरीही लातूरजवळच्या आमच्या मुरुडात लग्न ठरलं, की पलंग-कपाट सांगायला लोक आत्यालाच घेऊन जात. नवरा लवकर गेल्यामुळे ती आमच्याकडे, म्हणजे भावाच्या घरी राही. अप्पांचं किराणा दुकान निम्मं तीच चालवायची. सकाळी लिंगपूजा आटोपून, कपाळावर भस्माचे पट्टे ओढून ती लातूरच्या गाडीत बसली, की एखादा जुना व्यापारीच खरेदीला निघालाय असं वाटे. दुकानात मांडलेल्या तयार मालाकडे ती ढुंकूनही पाहत नसे. म्हणे, "बसणारा कोण, निजणारा कोण, ते बघायच्या आधीच करून ठेवलंय हे." मागच्या वखारीत जाऊन फळी निवडायची, वाजवून बघायची, उचलून बघायची, मगच मिस्त्रीशी बोलायचं. खण एका बोटानं सरकला नाही, तर माल परत!

माझं लग्न ठरलं तेव्हा लातूर नुकता जिल्हा झाला होता. रोज नवी कचेरी उघडत होती आणि सगळे मिस्त्री साहेबलोकांच्या टेबल-खुर्च्यांत अडकले होते. त्यात पावसानं पाठ फिरवलेली. सगळं गाव टँकरची वाट बघत असताना आमची आत्या मात्र म्हणे, "लाकूड आसं खणखणीत कधी वाळतं का? या साली केलेलं टेबल कधी वाकायचं न्हाई." दुष्काळातूनही काहीतरी पदरात पाडून घेणारी बाई होती ती.

माझ्या सासरच्यांनी, भोकरच्या मंडळींनी, आंदणात पलंग मागितला होता. माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं. ते पुरं करू द्याल ना, असं अप्पांनी विचारलं तेव्हा सासरे म्हणाले, "बघू की." अप्पा तेवढ्यावर खूश झाले. आत्या झाली नाही. ती मला घेऊन लातूरला गेली आणि पलंगाऐवजी तिनं सागवानी टेबल सांगितलं.

मी पहिल्यापासून बुटकी. आत्यानं मला वखारीतल्या एका खुर्चीवर बसवलं. "पाठ सरळ ठेव. मापात चूक नको." मग माझ्या कोपरापासून, गुडघ्यापासून तिनं मापं घ्यायला लावली. खण तर इतका खाली आणला, की माझेच गुडघे जेमतेम आत जावेत. मिस्त्री हसायला लागले. "आक्का, आसलं ठेंगणं टेबल दुसऱ्या कुणाच्या कामी यायचं न्हाई."

"म्हणून तर सांगायलेय. तुमी करा."

मला रडू फुटायचंच बाकी होतं. सासरी न्यायचं ते टेबल, आणि तेही पोराटोरांचं!

आत्या पाठराखीण म्हणून माझ्याबरोबर भोकरला आली. टेम्पोतून टेबल उतरलं तेव्हा सासूबाईंचा चेहरा पडला, सासऱ्यांचा मात्र खुलला. त्यांची बाजारात आडत होती. फळीवरून हात फिरवत ते म्हणाले, "झकास! हे आपल्या आडतीवर शोभंल." टेबल गेलं म्हणजे शिक्षणही गेलं, हे मला तेव्हा लख्ख कळलं.

आत्या म्हणाली, "बसून तर बघा, पाव्हणं."

सासरे खुर्ची ओढून बसले आणि त्यांचे गुडघे खणावर आपटले. तिरपं बसून पाहिलं, तरी जमेना. मग माझ्या नवऱ्यानं बसून पाहिलं. तोही गुडघा चोळत उठला.

"पोरीच्या मापाचं हाय," आत्या शांतपणे म्हणाली. "तिच्याबिगर कुणाला जमायचं न्हाई. परीक्षा व्हायचीय तिची."

सासरे खो खो हसत सुटले. "आक्का, तुमी ठरवूनच आलाव!" टेबल माझ्या खोलीत गेलं. त्यावर माझी पुस्तकं लागली आणि "बघू" म्हणायला कुणाला जागा राहिली नाही.

त्या टेबलावर मी बी.ए. झाले, मग बी.एड. झाले आणि हायस्कुलात शिकवायला लागले. आत्या भोकरला आली, की आधी बुडाखालून हात फिरवी, एका बोटानं खण सरकवी आणि मग वर बघे. वर शाईचे डाग होते, बांगड्यांचे ओरखडे होते. "लई खराब केलीस गं फळी," ती म्हणे आणि शेजारणींना बोलावून तेच डाग दाखवी. माझा एवढा अभिमान दुसऱ्या कुणालाच वाटला नाही.

ती गेल्याचं कळलं तशी मी मुरुड गाठलं. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून निरोप देतात. ओसरीवर आत्यालाही बसवलं होतं, कपाळावर तेच भस्माचे पट्टे होते, गळ्यात हार होते. बायका तिला सावरत होत्या, पण ती सारखी एका बाजूला कलत होती. मी पुढं झाले, मागून तिला आधार दिला आणि तोंडातून आपसूक निघालं, "पाठ सरळ ठेव, आत्या. मापात चूक नको."